चक्करची गोळी

आंबेगव्हाणात दूध डेअरीसमोरून सकाळी सव्वासातला टेम्पो सुटायचा. त्यात सारजाबाईच्या टोळीतल्या बारा बायका, बारा विळे, भाकरीची फडकी आणि पाण्याचे दोन कॅन असायचे. गावातलं आरोग्य उपकेंद्र साडेनऊला उघडायचं. तोवर टोळीची पहिली पात कापून झालेली असायची. संध्याकाळी टेम्पो परत यायचा तेव्हा उपकेंद्राला कुलूप असायचं.

म्हणून सिताबाईच्या चंचीतली गोळ्यांची पट्टी संपत आली होती. सुपारी, तंबाखू आणि चुन्याची डबी यांच्याखाली, सगळ्यात आतल्या कप्प्यात ती पट्टी असायची. टोळीत कुणाला हे माहीत नव्हतं.

आषाढात कामं नव्हती तेव्हा तिचं डोकं गरगरायचं. नवरा धुळाप्पा मेंढरं घेऊन माळावर गेलेला बघून ती एकदा उपकेंद्रात गेली. गायत्री सिस्टरनं दंडाला पट्टा गुंडाळला, दोनदा फुगवला आणि सांगितलं, बीपी आहे. रोज सकाळी एक गोळी, आता कायमची. गोळ्यांनी आठ दिवसांत गरगरणं थांबलं. सिताबाईला गोळीचं नाव वाचता येत नव्हतं. तिनं मनातल्या मनात तिला चक्करची गोळी म्हणायला सुरुवात केली.

नवऱ्याला तिनं नंतर सांगितलं, पण टोळीत सांगायची सोय नव्हती. काम गुत्त्याचं होतं. एकराचा भाव ठरायचा आणि येणारे पैसे बाराजणींत सारखे वाटले जायचे. वाटणी सारखी, म्हणून कापणंही सारखं. मागच्या दिवाळीत काशीबाईला दम लागायला लागला, तिची पात रोज चार हात मागं राहायला लागली. सारजाबाई तिच्याशी भांडली नाही. तिला घरी बोलावून चहा पाजला आणि म्हणाली, "काशे, तू आता घरी र्‍हा." काशीबाई त्या दिवसापासून दुसऱ्याच्या शेळ्या राखत होती. सिताबाई पंचावन्न वर्षांची होती. तिला शेळ्या राखायच्या नव्हत्या.

त्या वर्षी सोयाबीन बरं आलं होतं. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी टोळीनं बेंबळीच्या रस्त्याकडेचं आण्णासाहेबांचं रान धरलं. ऊन कोरडं होतं, पानं गळून गेली होती, हात लावला की शेंगा खुळखुळायच्या. दोन दिवस जास्त उभं राहिलं तर शेंगा फुटून दाणा मातीत जाणार आणि पाऊस आला तर काळा पडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायका ओळीनं वाकल्या होत्या. विळ्यांचा करकर आवाज एका लयीत चालला होता आणि मधेच कुणीतरी कुणाच्या तरी सासूची नक्कल करत होतं.

दहाच्या सुमाराला रानाच्या मालकीण, आण्णासाहेबांच्या पत्नी तुळजाबाई, चहाचा कॅन घेऊन आल्या. गाडी रस्त्यावर होती, पण त्या बांधाबांधानं सगळ्या रानाला वळसा घालून आल्या होत्या. पायात पांढरे बूट होते.

"वैनी, येवढा येढा कशापायी घातला?" सारजाबाईनं विचारलं.

"डॉक्टरनं सांगितलंय. रोज चाळीस मिनिटं चालायचं. बीपी निघालंय ना मला."

"मंग या की पातीला. चाळीस मिन्टात दोन पाती हुत्याल."

बायका हसल्या. तुळजाबाईही हसल्या. चहा वाटून झाल्यावर त्यांनी पर्समधून पट्टी काढली आणि सकाळी राहिलेली गोळी पाण्याबरोबर घेतली. पट्टीवर हिरवी रेघ होती. सिताबाईनं बशी तोंडाला लावून वरून बघितलं. अगदी तशीच रेघ तिच्या चंचीत होती. दोघी एका वयाच्या, गोळीही एकच. एक चारचौघांत घेत होती आणि एक बाभळीच्या आडोशाला. तिला त्याचं फार वाईट वाटलं नाही. उलट आपल्या गोळीबद्दल थोडी खात्री वाटली.

तिच्या शेजारची पात महानंदाची होती. महानंदा तिशीची, अंगानं काटकुळी, कामाला चपळ. नवसाचे नऊ दिवस तिनं धरले होते. नऊ दिवस चप्पल नाही आणि नऊ दिवस अळणी उपवास. मिठाचा कण नाही. सकाळी चहा, संध्याकाळी थोडी भगर. सोयाबीनची धसकटं तिरकी कापलेली असतात, सुईसारखी. महानंदा पाय टाकताना आधी टाचेनं चाचपायची, मग पंजा टेकवायची. तरी तिच्या पायांना रक्त होतंच.

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला दुपारी महानंदा पाणी प्यायला उठली आणि तिनं सिताबाईचा खांदा धरला.

"मावशी, रान फिरतंय सगळं."

"बस जरा."

"बसून कसं चालंल? आक्का बघत्यात."

सिताबाईनं मागं बघितलं. सारजाबाई पातीच्या दुसऱ्या टोकाला होती. सिताबाई महानंदाला बाभळीकडं घेऊन गेली, चंची सोडली आणि तंबाखूची पूड झटकून एक गोळी तिच्या हातावर ठेवली.

"हे काय?"

"चक्करची गोळी हाय. मला बी असंच हुतं हुतं. एका गोळीनं उतार पडतो. कुणाला सांगू नगं, मातर."

"उपासाला चालंल का?"

"औषीदाला उपास नसतो. गीळ."

चौथ्या दिवशी महानंदानं स्वतःच हात पुढं केला. पाचव्या दिवशीही केला.

पाचव्या संध्याकाळी सिताबाई भाकरी थापत होती. धुळाप्पा दारात बसून मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. पश्चिमेला ढग आला होता, पण पाण्याचा नव्हता. सिताबाईनं पीठ लागलेल्या हातानंच पट्टी काढून दाखवली.

"तीनच उरल्यात."

"परवा तर सात हुत्या," धुळाप्पा म्हणाला. त्याला मेंढरांमुळं आकडे पाठ राहायचे.

"महानंदाला देते रोज एक. तिला लई चक्कर येतीया बगा."

धुळाप्पानं काटा काढला, बोटावर घेऊन बघितला, टाकून दिला. "तिचं बीपी बगितलंय का कुणी?"

"चक्कर म्हंजी चक्कर. त्यात काय बगायचं?"

"आगं, मेंढराला जंताचं औषीद पाजायचं तर बी वजन बगून पाजत्यात. दात बगत्यात, पोटात पिल्लू हाय का बगत्यात."

"ती काय मेंढरू हाय व्हय?"

"न्हाय," धुळाप्पा म्हणाला. "मेंढरू असतं तर मला इचारलं असतंस."

सिताबाईला हसू आलं. भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "आवं, उपास सुटला की तिची चक्कर बी सुटंल. चार दिसांचा परश्न हाय."

सहाव्या दिवशी महानंदा सकाळपासूनच डुलत होती. गोळीनं फरक पडत नाही म्हणून सिताबाईनं दोन दिल्या. तिच्या मनात हिशेब सरळ होता: थोडं दुखणं, थोडं औषध; जास्त दुखणं, जास्त औषध. स्वतःसाठी एक ठेवली, पण घेतली नाही. ती उद्याला लागणार होती.

अकरानंतर तुळजाबाई चहा घेऊन आल्या. कॅनचं झाकण उघडेपर्यंत महानंदा पातीत उभी होती. मग विळा हातातून सुटला, ती गुडघ्यावर आली आणि कापलेल्या ढिगावर आडवी झाली. आवाज फारसा झाला नाही, वाळलेल्या शेंगा चुरल्यासारखा झाला तेवढाच.

बायका धावल्या. कुणी कांदा मागितला, कुणी पदरानं वारा घातला. कपाळावर हात ठेवला तर ते थंड आणि ओलं होतं. सारजाबाईनं तिला मांडीवर घेतलं. तुळजाबाईंनी उपकेंद्रात फोन लावला आणि दहा मिनिटांत गायत्री सिस्टर स्कूटीवरून बांधापर्यंत आली. तिथून पिशवी घेऊन ढेकळांतून पळत आली. तिचा पाय दोनदा मुरगळला.

पट्टा गुंडाळून तिनं यंत्राकडं बघितलं. पुन्हा फुगवलं. पुन्हा बघितलं.

"वरचं ऐंशी. फार कमी आहे. काय खाल्लं हिनं?"

"नवरात्राचा उपास हाय, अळणी," सारजाबाई म्हणाली. "सहा दीस झालं."

"नुसत्या उपवासानं एवढं खाली येणार नाही. कुठली गोळी घेतली होती का? शुगरची वगैरे? नीट सांगा. पुढं डॉक्टर काय देणार ते त्याच्यावर आहे."

"न्हाय वो. गोळीबिळी काय न्हाय तिला."

सिताबाई विळा हातात घेऊन उभी होती. तिच्यासमोर महानंदाचे तळवे होते, धसकटांनी टोचलेले, मातीनं बुजलेले. पलीकडं सारजाबाईचं तोंड होतं. तिला सारजाबाईनं काशीबाईला घरी बोलावून पाजलेला चहा आठवला. तो चहा तिनं स्वतःही प्यायला होता, कारण त्या दिवशी ती तिथंच बसली होती आणि काही बोलली नव्हती.

ती खाली बसली, चंची सोडली. सुपारी बाजूला केली, डबी बाजूला केली, पट्टी सिस्टरच्या हातात दिली.

"म्या दिली. तीन दीस एकेक. आज दोन. तिला चक्कर यीत हुती म्हणून."

गायत्रीनं पट्टी उलटी करून वाचली. तुळजाबाई वाकून म्हणाल्या, "ही तर माझीच गोळी!"

"तुमची न्हाय वैनी. माजी हाय," सिताबाई म्हणाली. "मला बीपी हाय. आषाढापासनं."

सारजाबाईनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि नजर महानंदाकडं वळवली.

"सिताबाई, ही गोळी बीपी खाली आणते," गायत्री म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही. "तुमचं वर होतं म्हणून चक्कर यायची. हिचं आधीच खाली होतं. विहिरीत पडलेल्याला वरनं पाणी ओतल्यासारखं झालं." मग तिनं पिशवीतून पुडी काढून बाटलीत ढवळली. "हिला हे पाजा. साखर-मिठाचं पाणी आहे. मग दवाखान्यात नेऊ, सलाईन लागेल."

महानंदानं डोळे किलकिले केले. "मीठ नगं," ती पुटपुटली. "माजा नवस..."

"पी गुमान," सारजाबाई म्हणाली. "आईसाहेब तुळजापुरात बसून तुझ्या मिठाचे खडे मोजीत न्हाईत. काय पाप लागायचं ते माझ्या नावावर."

महानंदा प्यायली. तुळजाबाईंच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. सोबत सारजाबाईच गेली. उरलेल्या दहाजणींनी दोन पाती वाढवून घेतल्या आणि त्या दिवशीचं रान त्या दिवशीच संपवलं. सिताबाईनं महानंदाची पात धरली. तिच्याशी कुणी वाईट बोललं नाही. पण कुणी तंबाखूही मागितली नाही.

महानंदा दिवेलागणीला घरी आली, चालत, हाताला चिकटपट्टी. सिताबाई तिच्या दारापर्यंत गेली आणि आत गेली नाही. महानंदानंच हाक मारली, "मावशी, या की. सासूबाईनं मीठ घालून भगर केलीया." त्यावर सिताबाई आत गेली.

सातव्या सकाळी ती विळ्याला कानस मारून निघाली तेव्हा धुळाप्पा वाघर, मेंढरांच्या वाड्याची जाळी, गुंडाळत होता.

"टोळीत घेत्याल का?" त्यानं विचारलं.

"जाऊन बगते. न्हाय घेतलं तर मेंढराकडं यीन तुमच्यासंगं."

"ये की. पण मेंढराला गोळ्या देऊ नगं."

डेअरीसमोर टेम्पो होता, पण त्यात कुणी बसलेलं नव्हतं. सगळ्या बायका पायरीजवळ गोळा झाल्या होत्या. घड्याळात साडेसहा झाले होते. पायरीवर गायत्री सिस्टर बसली होती, डोळे झोपेचे, समोर यंत्र आणि रजिस्टर. दुधाच्या रिकाम्या कॅनवर सारजाबाई ताठ बसून होती.

"आलीस?" सारजाबाई म्हणाली. "म्या रातीच फोन केला हिला. म्हणलं, साडेनवाला आमाला तू घावत न्हाईस आन तुला आमी. टेम्पो सुटायच्या आदी ये."

"चार महिने मी यांच्या नावापुढं 'आल्या नाहीत' असं लिहितेय," गायत्री म्हणाली. "मला वाटायचं, यांना स्वतःची काळजीच नाही."

"आन आमाला वाटायचं, तुमाला उठवत न्हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

गायत्री हसली आणि जांभई दिली. "खोटं नाही ते."

एकेकीचा दंड पुढं आला. चोळ्यांच्या बाह्या घट्ट होत्या, वर सरकत नव्हत्या. पट्टा फुगला की एकजण "अगं आई" म्हणायची आणि बाकीच्या हसायच्या. महानंदा घरी झोपून होती. सारजाबाई सोडून दहाजणींचं मोजून झालं, त्यात पाचजणींचं बीपी वर निघालं. गायत्रीनं रजिस्टरात लिहिताना एकदा पेन थांबवलं आणि पुन्हा लिहायला लागली.

शेवटी सारजाबाईचा दंड. आकडा आला एकशे ऐंशी. गायत्रीनं तिला पाच मिनिटं गप्प बसवलं. सारजाबाईला हे अवघड गेलं. पुन्हा मोजलं. एकशे अठ्ठ्याहत्तर.

"मशीन बिघडलंय तुजं," सारजाबाई म्हणाली. "मला काय बी हुत न्हाय. ना चक्कर, ना डोकं. सगळ्यांच्या म्होरं माजी पात असती."

"आक्का, तुमच्या मालकांच्या अंगावरून वारं गेलं, त्याच्या आदल्या दिवशी त्यांना काय होत होतं?"

तिचा नवरा तीन वर्षं बाजेवर होता. उजवी बाजू गेलेली.

"काय बी न्हाय," ती म्हणाली. "त्या दिशी तर दीसभर नांगरट केली हुती त्यांनी."

तिनं बाही खाली ओढली. सगळ्या तिच्याकडं बघत होत्या. टेम्पोवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला आणि कुणी लक्ष दिलं नाही म्हणून पुन्हा वाजवला नाही.

"आक्का," सिताबाई म्हणाली, "म्या टेम्पोत बसू का नगं?"

सारजाबाईनं गायत्रीनं पायरीवर काढून ठेवलेल्या गोळ्यांच्या पट्ट्यांकडं बघितलं, मग बायकांकडं. "सहाजणीला काढलं तर सोयाबीन काय दगडोबा कापणार हाय?" दगडोबा म्हणजे तिचाच दीर, गावातला नंबर एकचा आळशी माणूस. हशा झाला. "बस. पर एक ध्यानात ठिव. आजपसनं चंचीत ज्याची त्याची गोळी. तंबाखू वाटा, गोळी वाटायची न्हाय." मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "आन काशीला बी निरोप धाडा. सोमवारी हितं ये म्हणावं, साडेसहाला. तिचा दम कुणी बगितलाय का इचारा."

गायत्रीनं सिताबाईला महिन्याच्या पट्ट्या दिल्या. वर सांगितलं, गरगरलं तर सावलीला बसायचं, लपवायचं नाही. सिताबाईनं पट्ट्या चंचीत ठेवल्या. या वेळी वरच्या कप्प्यात.

खंडेनवमीच्या दिवशी शेवटचे दोन एकर उरले होते. टोळीनं काम सुरू करायच्या आधी बांधावर गोणपाट अंथरलं आणि त्यावर विळे मांडले. महानंदा आली होती, पायात सासूची चप्पल. उपवास संध्याकाळी सुटायचा होता. चपलेचं काय ते आईसाहेबांशी बोलून घेतलंय, असं ती म्हणाली. तिनंच विळ्यांना हळद-कुंकू लावलं. बारा विळे होते. सिताबाईनं आपला तिसरा आहे हे बघून घेतलं.

तुळजाबाई नारळ घेऊन आल्या, नेहमीसारखा रानाला वळसा घालून. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. त्यांना सिताबाईशी काहीतरी बोलायचं होतं, पण काय बोलावं ते सुचत नव्हतं. एकाच गोळीमुळं त्यांना थोडी सलगी वाटायला लागली होती.

"सिताबाई, तुला पण चालायला सांगितलं का गं सिस्टरनं?"

"न्हाय वो, वैनी," सिताबाई म्हणाली. "मला बसाया सांगितलंय."

तुळजाबाई हसायला गेल्या आणि मधेच थांबल्या. त्यांनी आपल्या पांढऱ्या बुटांकडं बघितलं, मग ओळीनं वाकायला लागलेल्या बायकांकडं.

अकराच्या सुमाराला ऊन डोक्यावर आलं आणि सिताबाईला जरा गरगरल्यासारखं झालं. थोडंसंच. तिनं विळा थांबवला. सवयीनं मागं बघितलं. सारजाबाई तिच्याकडंच बघत होती.

"बस," सारजाबाई लांबूनच ओरडली. "पाच मिन्टं. तुजी पात म्या वढते."

सिताबाई बाभळीखाली बसली. इतके दिवस तिनं या झाडाकडं फक्त लपायला येऊन बघितलं होतं. सावली बरी होती. रानात अकरा पाठी वरखाली होत होत्या, आणि तिची ओळ सारजाबाईच्या विळ्याखाली पुढं सरकत होती. लांब माळावर मेंढरांचे ठिपके दिसत होते. त्यातला उभा ठिपका धुळाप्पा. तिनं पाणी प्यायलं, चंची सोडली, सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

पाच मिनिटं झाली असतील की नाही, तिला कळलं नाही. पण सारजाबाई तिची पात वाकडी कापत होती. ते तिला बघवेना. ती उठली.

"आक्का, सरका," ती म्हणाली. "धसकटं लांब ठिवताय तुमी. कुणाच्या तरी पायात जात्याल."